एकादशीला राहिलेल्या गोळ्या

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी धड कळले नाही, आणि अक्षर तर अंगणातून कोंबडी चालत गेल्यासारखे आहे. ज्यांना हसायचे त्यांनी आधी हसून घ्यावे आणि मग वाचावे. हे पाहुण्यांना दाखवायचे नाही. आपल्या घरातल्या बायकांसाठी लिहून ठेवते, कारण अंगावर पित्त उठायची खोड माझ्या आईला होती, मला आहे, आणि माझ्या लेकीच्या, सुशीलाच्या मानेवरही मी गांधी (पित्ताचे लाल चट्टे) पाहिल्या आहेत. माझा कराड ते सांगलीचा प्रवास कसा झाला हे तिला पुढे उपयोगी पडेल.

माघ सरत आला, आंब्याला मोहोर धरला आणि शेतात गुऱ्हाळ पेटले की माझे हाल सुरू होतात. सकाळी डोळे उघडायच्या आधी शिंका, आणि दुपारी हातापायांवर गांधी. आमसुलाचे पाणी चोळून झाले, घोंगडीवर अंग घासून झाले. गांधींचे एक वेळ चालेल, लुगड्याखाली झाकता येतात. शिंक झाकता येत नाही. घरात कुणी चांगले बोलायला तोंड उघडावे आणि मी शिंकावे, असे इतक्या वेळा झाले होते की थोरल्या दिरांनी, म्हणजे आबांनी, एका बैलाचा सौदा माझ्या शिंकेपायी दोनदा पुढे ढकलला होता.

त्या वर्षी सुशीलाची सोयरीक सांगलीला ठरली. मुलाकडचे हळदीचे अडते. साखरपुडा सांगलीतच, माझ्या नणंदेच्या घरी व्हायचा होता. सुशीलाला वन्संनी आधीच नेऊन ठेवले होते. तिचे वडील पलटणीत, त्यांना रजा मिळाली नाही. मुलीच्या आईने सुपारी फुटताना शिंकायचे आणि पाहुण्यांनी उठून जायचे, हे चित्र मला रोज दिसू लागले. मी जाऊच नये असे सासूबाई एकदा बोलूनही गेल्या. मला तर मुलीच्या साखरपुड्याला उभे राहायचे होते. म्हणून आबा मला कराडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर लढाईवरून परतलेले, नव्या औषधांची माहिती असलेले. मी दाराआडच्या बाकावर पदर ओढून बसले. त्यांनी विचारायचे आणि आबांनी सांगायचे, असे चालले होते. दुसरे काही औषध चालू आहे का, असे त्यांनी विचारले. आबा न्हाई म्हणाले. खरे तर सासूबाईंनी बाजारातून आणलेली खोकल्याची बाटली मी रोज घेत होते, पण ते आबांना ठाऊक नव्हते, आणि दोन पुरुषांच्या बोलण्यात दाराआडून तोंड घालणे मला जमले नाही. डॉक्टर आणखीही बरेच काही म्हणाले. बाहेर आल्यावर आबांनी माझ्या हातात पुडी ठेवली आणि सांगितले, "सकाळी एक, रातीला एक." बाकीचे त्यांच्याजवळच राहिले.

गोळी हरभऱ्याच्या डाळीएवढी. पहिल्या दिवशीच शिंका निम्म्याने कमी झाल्या. याने मला बरे वाटायला हवे होते, पण माझा संशय वाढला. आमसुलाने जे वर्षानुवर्षे झाले नाही ते एवढ्याशा गोळीने एका दिवसात कसे होते? आत नक्की काहीतरी असले पाहिजे. अफू असेल. हाडाची पूड असेल. दुपारी डोळे जड व्हायचे, तोंडाला कोरड पडायची. मी कुणाला बोलले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी एकादशी आली. आत काय आहे ते माहीत नसलेली गोळी उपासाला कशी चालेल? मी दोन्ही वेळच्या गोळ्या बाजूला काढून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उपास सोडला आणि मनात आले की औषधाची बाकी ठेवू नये, नाहीतर ऐन साखरपुड्यात गुण जायचा. मग आदल्या दिवसाच्या दोन आणि त्या सकाळची एक, अशा तिन्ही गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या आणि हिशेब पुरा केला. नवस, उपास, राहिलेली पारायणे यांत आपण असेच करतो. राहिलेले नंतर भरून काढतो. औषधाला हा नियम लागत नाही, हे मला कुणी सांगितले नव्हते.

आबा स्टेशनवर पोचवायला आले. गुऱ्हाळ टाकून त्यांना सोबत येता येत नव्हते. सांगलीजवळच्या माधवनगर स्टेशनला वन्संचे यजमान, दाजी, उतरवून घ्यायला येणार होते, म्हणजे मधला तेवढाच प्रवास माझ्या एकटीचा. गाठोड्यात सुशीलाच्या पाटल्या, एक हिरवी साडी आणि खण. आबा खिडकीशी उभे राहून म्हणाले, "रेल्वेत गुंगीचं खायला घालून लुटत्यात. कुणी काय दिलं तरी तोंडात घालू नगा." मी मान हलवली. इंजिनाच्या धुराने ठसका लागला म्हणून खोकल्याच्या बाटलीतला एक घोट घेतला, आणि गाडी हलली.

जनाना डब्यात गर्दी नव्हती. समोर चष्मा लावलेल्या एक बाई वर्तमानपत्र वाचत होत्या, कोपऱ्यात दोघी लेकुरवाळ्या होत्या. गाठोडे मी मांडीखाली घेतले. बाहेर उसाचे फड मागे जात होते. जागोजागी गुऱ्हाळांचा धूर उभा होता आणि वाऱ्यावर पाकाचा वास येत होता. लांब कृष्णेचे पाणी मधूनच चमकायचे. इतके सुंदर असूनही मी सारखी डब्यातल्या बायकांचे हातच बघत होते, कोण कुठे हात घालते ते.

ताकारीला एक दांडगी बाई चढली. काळीसावळी, कपाळाला मोठे कुंकू, डोक्यावर टोपली. टोपलीत दोरीत ओवलेल्या थोड्या बांगड्या वाजत होत्या. ती कासारीण होती. एवढ्या मोकळ्या डब्यात ती नेमकी माझ्याशेजारी बसली आणि बसल्याबसल्या तिने माझ्या मनगटांकडे पाहिले. चांगले निरखून पाहिले. हातात दोन सोन्याच्या बांगड्या होत्या. मी पदर पुढे ओढला.

"कुठं निघालासा?" तिने विचारले.

मी सांगलीला म्हणाले.

"एकल्याच? काय कार्य हाय वाटतं."

तिला कसे कळले? मी गाठोडे आणखी आत सरकवले. तिने आपणहून सांगितले की मिरजेच्या पेठेत माल घ्यायला निघाली आहे, लग्नसराई तोंडावर आली, हिरव्या चुड्याला मागणी आहे. मग फडके सोडून तिने दशमी (दुधात पीठ मळून केलेली प्रवासाची भाकरी) आणि शेंगांची चटणी काढली, अर्धी मोडली आणि माझ्यापुढे धरली. मी नको म्हणाले. तिने पुन्हा धरली.

"घ्या की. कासारणीच्या हातचं खाल्लं म्हून कुणी बाटत न्हाई."

आता नको म्हटले तर तिला जातीवरून वाटेल, आणि हो म्हटले तर आबांचे शब्द कानात. तिने त्याच भाकरीचा दुसरा अर्धा तुकडा स्वतः खाल्ला ते मी पाहिले आणि मगच माझा खाल्ला. चव चांगली होती. थोड्या वेळाने पापण्यांवर कुणी वाळूची पिशवी ठेवल्यासारखे झाले. हात उचलेना. चष्मेवाल्या बाईंचे वर्तमानपत्र मोठे मोठे होत गेले. माझ्या मनात शेवटचा विचार आला तो हाच, की हिने घातले.

जाग आली ती कुणीतरी दंड धरून हलवत होते म्हणून. गाडी उभी होती. डबा रिकामा. कासारीण माझ्या अंगावर वाकलेली आणि माझे गाठोडे तिच्या मांडीवर. खिडकीबाहेर मिरज स्टेशन. माधवनगर कधीच मागे गेले होते.

मी ओरडले नाही, मला ओरडता येत नाही. पण मी गाठोड्याला दोन्ही हातांनी अशी झडप घातली की ते पाहून फलाटावरच्या चष्मेवाल्या बाई थबकल्या. त्यांनी तिकीट तपासणाऱ्याला बोलावले, आणि मग एक हवालदारही आला. माणसे जमली. चष्मेवाल्या बाईंनी सांगितले की या कासारणीने यांना काहीतरी खायला दिले आणि लगेच यांची शुद्ध गेली, आपण डोळ्यांनी पाहिले. हवालदाराने मला विचारले, हिने खायला दिले हे खरे का? मी मान हलवली. ती मान मी हलवली नसती तर पुढचे सगळे टळले असते. पण तेव्हा मला खरेच तसे वाटत होते.

हवालदाराने टोपली काढून घेतली. कासारीण उभी राहिली. ती घाबरली नव्हती, तिचा चेहरा संतापाने काळवंडला होता.

"आवं बाई, तोंड हाय न्हवं तुमाला? सोडा ते गठुडं आन समद्यांम्होरं सांगा, तुमचं सोनं हाय का न्हाई त्यात."

मी गाठ सोडली. पाटल्या होत्या. साडी होती. खण होता. माझ्या हातातल्या बांगड्याही हातातच होत्या.

"मी पोरं पळवत न्हाई आन बाया लुटत न्हाई," ती म्हणाली. "ह्या बाई पेंगाय लागल्या तवाच मला शंका आली. अफू खाणारी बाई दिसती, म्हटलं, गठुडं जाईल हिचं. म्हून मांडीवर घेऊन बसले. माधवनगरला हलीवली, तर डोळं उघडून परत मिटलं. मला काय ठावं, तितं उतरायचं का मिरजंवरनं जायचं ते. सांगली म्हणाल्या हुत्या."

म्हणजे मी तिला लुटारू समजत होते आणि ती मला अफूबाज. हवालदाराला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटल्या असाव्यात, कारण त्याने दोघींनाही थांबवले. तिकीटवाला म्हणाला, माधवनगरच्या पुढचे भाडे आणि दंड भरल्याशिवाय या बाईंना सोडता येणार नाही. माझ्या चंचीत एक रुपया आणि थोडी मोड होती. ती मी पुरुषांसमोर कमरेची काढू का, या विचारात होते, तोवर कासारणीने आपल्या कनवटीचे पैसे काढून त्याच्या हातावर आपटले. "ही सुटल्याबगर माजी टोपली सुटायची न्हाई," ती म्हणाली. "पर हे मी सोडणार न्हाई, बाई. ध्येनात ठिवा."

स्टेशनापासून जवळच एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. हवालदार आम्हाला तिथे घेऊन गेला, खाण्यात काही होते का ते ठरवायला. डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी हवालदाराला बाहेर थांबायला सांगितले आणि माझी नाडी, डोळे, जीभ पाहिली. मग मला विचारले, आज काय काय घेतले? मी सवयीने दाराकडे पाहिले, कुणी उत्तर देईल म्हणून. दारात कासारीण होती. "माझ्याकडं काय बघतासा," ती म्हणाली, "तुमच्या पोटात काय हाय ते मला कसं म्हाईत?"

मग मीच बोलले. डॉक्टरशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. पुडी काढली, बाटली काढली, एकादशीचे सांगितले, तीन गोळ्यांचे सांगितले. मला वाटले त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. बाटलीवरचा कागद खिडकीपाशी नेऊन वाचला, आणि म्हणाल्या की खोकल्याच्या या औषधात अफूचा अंश आहे, आणि गोळीने आधीच झोप येते. दोन्ही एकत्र, त्यात गोळ्या तिप्पट. "मुक्कामाच्या पुढे गेलात एवढ्यावरच भागले," त्या म्हणाल्या. "गुऱ्हाळाच्या काहिलीशेजारी झोप लागली असती तर?"

 आदल्याच आठवड्यात मी चरकात ऊस सारत होते आणि माझे डोळे मिटत होते.

त्यांनी गोळीत काय आहे ते समजावले, कारण मी आधी तेच विचारले. हाड नाही, अंडे नाही, अफूही नाही. कुणाच्या शरीराला मोहोर चालत नाही, कुणाला धूळ. ते आत गेले की शरीर उगीच चवताळते आणि त्यातून शिंका, खाज आणि गांधी येतात. याला अ‍ॅलर्जी म्हणतात, आणि ते चवताळणे आवरणाऱ्या औषधांना अँटिहिस्टामिन. ते शब्द त्यांनी मला कागदावर लिहून दिले म्हणून मी इथे लिहू शकते. रोग मुळापासून जात नाही, त्रास कमी होतो, तेवढ्यापुरतेच घ्यायचे.

"एक वेळ चुकली तर चुकली," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी एकच घ्यायची. हे देवाचे राहिलेले नाही, भरून काढायचे नसते."

रात्री जेवून निजताना घेतलेली बरी, आणि सकाळची आपल्याला झेपत नसेल तर कराडच्या डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी. गोळीवर खोकल्याची बाटली, झोपेचे औषध, दारू काही नको. गोळी चालू असताना विहिरीच्या काठावर, चुलीशी, चरकाशी जपून. लहान पोराला आपल्या पुडीतली द्यायची नाही, पोटुशी किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला जड जाऊ लागले, तर गोळीची वाट बघत बसायचे नाही, तडक दवाखाना गाठायचा. दम्याचे, डोळ्यांतल्या काचबिंदूचे त्यांनी मला विचारून घेतले. मी नाही म्हणाले, आणि हे नाही माझ्या तोंडून गेले याचे मला नवल वाटले. त्या दिवशी आणखी गोळी घ्यायची नाही, आणि एकटीने पुढे जायचे नाही, असे त्यांनी बजावले. फी त्यांनी माझ्या चंचीतल्या रुपयातच भागवली.

बाहेर येऊन त्यांनी हवालदाराला सांगितले की गुंगी या बाईंच्याच पुडीतली आहे, भाकरीत काही नव्हते. हवालदाराने टोपली परत दिली. कासारणीने बांगड्या मोजल्या.

"आता हे समद्यांम्होरं सांगा," ती त्याला म्हणाली.

तो इकडेतिकडे बघू लागला. समोर कोण होते? फलाटावरची माणसे केव्हाच पांगली होती. चष्मेवाल्या बाई गेल्या होत्या, लेकुरवाळ्या गेल्या होत्या. ज्यांनी ऐकले होते ते सगळे अर्धेच ऐकून गेले होते.

सांगलीची गाडी सुटून गेली होती म्हणून टांगा केला. कासारीणही बसली. डॉक्टरीणबाईंनी सोबत हवी म्हटले म्हणून बसली असे मला वाटले, पण तिने लगेच खुलासा केला की ती माझे घर बघायला येत आहे, म्हणजे पैसे बुडणार नाहीत. वाटभर ती एकदाच बोलली.

"बाई, आमी घराघरांत आत जातो. माजघरात जातो. बाया सोन्याचं हात आमच्या हातात देत्यात. एकदा का कासारणीचं नाव असं निघालं की तिला उंबऱ्याच्या आत कोण घेत न्हाई."

मला काहीतरी म्हणायचे होते.  रस्त्याच्या कडेला चिंचांची सावली लांब पडली होती. मी घोड्याच्या कानांकडे पाहत राहिले.

वन्संच्या घरी हलकल्लोळ होता. दाजी माधवनगरहून मोकळे परत आल्यापासून कुणी जेवले नव्हते, आणि सुशीला रडून सुजली होती. कासारीण ओसरीपाशी उभी राहिली. घरभर माणसे असताना, मी वाटेत दंड भरला आणि मला पैसे द्या, असे वन्संना म्हणायची माझी हिंमत झाली नाही. चंचीतली मोड दिली. तिने ती मोजली, टांग्याचेही तिनेच दिले होते ते मिळवले आणि म्हणाली, तीन रुपये राहिले, ताकारीला पोचते करा. दार, अंगण, वरची कौले सगळे नीट पाहून घेतले आणि गेली.

रात्री मी गोळी घेतली नाही. दुसऱ्या सकाळी शिंका आल्या. साखरपुडा तिसऱ्या प्रहरी. सकाळीच विहीणबाई साखर आणि नारळ घेऊन पुढे आल्या होत्या. त्या आल्या तसा त्यांच्या लुगड्यातून, केसांतून हळदीचा वास आला आणि मी चार शिंका ओळीने दिल्या.  वन्संनी डोळे मिटले. विहीणबाईंनी माझ्या लाल डोळ्यांकडे बघून विचारले, "रात्रभर रडलात, का काय दुखतंय खुपतंय?" त्यांच्या बघण्यातही संशय होता, आणि का नसावा? मुलगी घेणारे घर आहे.

आदल्या दिवशीचे बोलणे अजून जिभेवर होते म्हणून असेल, पण मी सगळे सांगितले. अ‍ॅलर्जी म्हणजे काय तेही. विहीणबाईंनी ऐकून घेतले आणि नारळ खाली ठेवला.

"हा रोग दुसऱ्याला लागत न्हाई ना?"

मी नाही म्हणाले.

"मग शिंका खुशाल. हळदीची पोती उतरायला लागली की आमच्या अडतीच्या दुकानात हमाल, दिवाणजी, गिऱ्हाईक समदी शिंकत्यात. शिंक मोजत बसलो असतो तर आमचा एक सौदा झाला नसता."

साखरपुडा झाला. सुपारी फुटताना मी एकदा शिंकले, आणि पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानेही शिंक दिली. हातावर गांधी होत्या, त्या बांगड्यांआड गेल्या. त्या रात्री जेवून, निजायच्या आधी मी एकच गोळी घेतली आणि सकाळपर्यंत शांत झोपले. दाजींनी मला व्याह्यांचे दुकान दाखवायला नेले तेव्हा मी आत शिरले नाही. ओला पदर नाकाला लावून रस्त्यापलीकडे उभी राहिले आणि पिवळ्या धुळीत बुडालेली माणसे लांबूनच पाहिली.

परतताना वन्संनी भेट म्हणून पाच रुपये दिले. दाजींनी मला सकाळच्या गाडीत बसवले. मी ताकारीचे तिकीट काढायला सांगितले आणि पुढे संध्याकाळच्या गाडीने कराडला जाईन म्हणाले. त्यांना वाटले मला पुन्हा गुंगी आली. खोकल्याची बाटली मी वन्संच्या मोरीत ओतून आले होते.

ताकारीला बाजाराचा दिवस होता. पाणवठ्यावरच्या बायकांना कासारणीचे घर विचारले. त्यांनी एकमेकींकडे पाहिले.

"कंची? मिरजंला हवालदारानं धरली ती?" एकीने विचारले. दुसरी म्हणाली, "हातातलं जपा, बाई."

गोष्ट माझ्याआधी पोचली होती. मला वाटले परत स्टेशनवर जावे, पैसे कुणाकडे तरी द्यावेत. पण पाय गावात गेले.

ती मारुतीच्या देवळापाशी पारावर बांगड्या मांडून बसली होती. बाजारातल्या बायका तिच्यासमोरून जात होत्या आणि पुढच्या कासाराकडे वळत होत्या. मला पाहून ती म्हणाली, "आलासा व्हय. मला वाटलं बुडलं."

मी पैसे काढले नाहीत. पारावर चढले, तिच्यासमोर बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"चुडा भरा," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे टक लावून पाहिले. मग मापाच्या बांगड्या घालून न बघताच टोपलीच्या तळातून हिरव्या बांगड्यांचा एक जुडगा काढला. त्या नेमक्या माझ्या मापाच्या होत्या. त्या दिवशी गाडीत ती माझे सोने नव्हे, मनगट बघत होती. तिने हात हातात घेतला, बोटे जुळवून दाबली, आणि गांधींवर काच घासू नये म्हणून जपून एकेक बांगडी चढवू लागली.

बायका थांबल्या. पाणवठ्यावरची एक जण मागून आली होती. ती म्हणाली, "बाई, तुमाला ठावं न्हाई वाटतं ही कोण."

 मान वर न करता मी बोलले.

"मिरजेला जिला गुंगी आली ती मीच. माझ्याच औषधाने आली. मी गोळ्या साठवून तीन एकदम घेतल्या, वर खोकल्याचे औषध प्याले. यांनी माझे सोने सांभाळले आणि माझा दंड भरला."

आणखी काही म्हणायचे होते, पण एवढेच आले.  मग एका म्हातारीने विचारले, कसली गोळी, माझ्या नातवाला रातभर खोकला असतो, एखादी हाय का तुमच्यापाशी? पुडी माझ्या कमरेलाच होती. मी म्हणाले, देणार नाही. पोराला डॉक्टरांकडे न्या, काय काय घालता ते सगळे तुम्ही स्वतः सांगा, आणि ते काय म्हणतात ते स्वतः ऐका. म्हातारीला राग आला. तरी तिने खाली बसून स्वतःचा हात पुढे केला आणि लाल बांगड्यांचा भाव विचारला.

माझे दोन्ही हात भरून झाले. बांगड्या भरल्यावर कासारणीला नमस्कार करायचा असतो, ते तर आपण लहानपणापासून करतो, त्यात विचार करण्यासारखे काही नसते. त्या दिवशी मी वाकले ते तिच्या पायांपर्यंत वाकले, आणि लवकर उठले नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"उठा आता," ती म्हणाली. "गाडी चुकंल. परत झोपू नगासा."

मी बांगड्यांचे दाम दिले. मग वेगळे तीन रुपये तिच्या तळहातावर ठेवले. तिने एकेक रुपया पाराच्या दगडावर आपटून वाजवून पाहिला. तिन्ही खणखणीत वाजले. तिने ते कनवटीला लावले आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फिटलं."